संप मिटलो काय?

तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर मुंबईचा गिरणी संप अजून चालू आहे. १८ जानेवारी १९८२ ला तो सुरू झाला. साठाच्या आसपास गिरण्या आणि अडीच लाखांच्या घरातले कामगार त्यात उतरले. पण तो मागे घेतल्याची घोषणा कोणी केलीच नाही. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांनी नाही, त्यांच्या युनियननं नाही, सरकारनं नाही, मालकांनी तर नाहीच. करार झाला नाही, म्हणून कराराची तारीखही नाही. पुस्तकांतून ‘दीड-एक वर्ष चाललेला संप’ असं वाचायला मिळतं, पण ते दीड वर्ष नेमकं कुठे संपलं असं विचारलं, तर बोट ठेवायला जागा सापडत नाही. १६ जानेवारी १९९७ ला पवईत सामंतांचा खून झाला. तोवर ते लोकसभेत जाऊन आले होते, आणखी कितीतरी कारखान्यांचे लढे लढले होते. तो एक संप मात्र तसाच उघडा राहिला.

माणूस गेला की आपल्याकडे सगळं ठरलेलं असतं. दहाव्याला पिंड, तेराव्याला गोडाचं, मग सुतक फिटतं आणि घरातली माणसं आपापल्या कामाला लागतात. दुःख तेराव्या दिवशी थांबतं असं नाही, पण आता उठा, असं चारचौघांदेखत कोणीतरी सांगतं. गिरणगावात सुतक धरलं गेलं आणि तेरावा कोणी घातलाच नाही.

माझा मामा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. आधी बदली कामगार, मग कायम. मूळ मालवण तालुक्यातला, त्यामुळे संप लागल्यावर इतर हजारोंसारखा तोही गावी गेला. भात लावून आला, पुन्हा गेला, कापणी करून आला. दर खेपेला चाळीत काहीतरी बदललेलं असायचं. समोरच्या खोलीतले सातारचे बिऱ्हाड हलवून गेलेले असायचे, कोणाच्या तरी पोरानं शाळा सोडून कुठल्या गाडीवर काम धरलेलं असायचं. आणि दोन शब्द चाळीत हळूहळू रुळत गेले. कोण ‘आत गेला’ आणि कोणी ‘हिशेब घेतला’. आत जाणं म्हणजे संप मोडून कामावर हजर होणं. हिशेब घेणं म्हणजे राजीनामा देऊन फंड, ग्रॅच्युइटी काय असेल ते उचलणं आणि गिरणीचं नाव टाकणं. दोन्ही गोष्टी एकट्यानं करायच्या. अडीच लाख माणसांनी मिळून सुरू केलेली गोष्ट प्रत्येकानं आपापली, एकेकट्यानं, बहुतेक वेळा शेजारच्या खोलीला पत्ता लागू न देता बंद केली. मला तरी संपाच्या हरण्यापेक्षा हे जास्त वाईट वाटतं. हरणं निदान सगळ्यांचं मिळून असतं.

मामानं यातलं काहीच केलं नाही. तो आत गेला नाही आणि त्यानं हिशेबही घेतला नाही. पुढे त्याच्या गिरणीनं थोड्यांना परत घेतलं, त्यात याचं नाव नव्हतं. नंतर ती गिरणीच राहिली नाही.

गणपतीला सगळे गावी जमले की रात्री आरत्या झाल्यावर ओटीवर हा विषय निघतोच. मामाचा एक चुलतभाऊ त्या काळात आत गेला होता. दोघं आता सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे आहेत, एका ताटात जेवतात, एकमेकांच्या औषधांच्या वेळा सांभाळतात. पण सामंतांचं नाव निघालं की दोघांची ऐंशीच्या दशकातली तोंडं परत येतात. चुलतभाऊ म्हणतो, सामंतांनी माघार कधी घ्यायची ते ठरवलंच नव्हतं, अडीच लाख घरांना खड्ड्यात घातलं. मामा म्हणतो, आणि तुमच्या त्या मिल मजदूर संघानं काय दिवे लावले? मग संघानं काय लावलं याची उजळणी होते. मूळ प्रश्न तिथेच. तेवढ्यात तिसरा कोणीतरी ‘जरा गायीला पाणी दाखवून येतो’ म्हणून उठतो, आणि त्या वर्षापुरता विषय संपतो.

गौतम मुनींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादाच्या जुन्या ग्रंथात, अगदी शेवटच्या अध्यायात, वादात माणूस हरला असं कुठे धरायचं त्या जागा दिल्या आहेत. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात आणि ती बावीस आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपास जुना हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमची ओटीच दिसली. स्वतःच्या पक्षावरचा दोष न खोडता ‘तोच दोष तुमच्याकडेही आहे’ एवढंच म्हणणं, याला तिथे मतानुज्ञा म्हटलंय. म्हणजे, बाबा रे, तू दोष कबूल केलास, हरलास. टीव्हीवरच्या चर्चांना ही एक जागा लावली तरी पहिल्या दहा मिनिटांत सगळे पाहुणे बाद होतील. आणि काहीतरी कामाचं निमित्त सांगून चर्चा मध्येच तोडणं, हेही एक निग्रहस्थान आहे. त्याचं नाव विक्षेप. गायीला पाणी दाखवायला गेलेला माणूस शास्त्रानं पराभूत.

आमच्या ओटीवर मात्र कोणी हरत नाही आणि कोणी जिंकतही नाही. न्यायशास्त्रातल्या वादाला समोर सभा असते, कोण हरला ते सांगणारा मध्यस्थ असतो. दोन म्हाताऱ्यांमध्ये बसून ‘हे मतानुज्ञा झालं’ असं सांगायची माझी काय प्राज्ञा? आणि सांगून तरी काय, संपाचं पुढे काय झालं हे दोघांनाही कोणी अधिकृतपणे सांगितलेलंच नाही. ज्या गोष्टीचा निकालच लागला नाही, तिच्यावरचा वाद कुठल्या जागी थांबवणार?

संपालाही मध्यस्थ नव्हता, आणि तो योगायोग नव्हता. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा असा होता की एका भागातल्या एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना, आणि मालकांशी बोलायचा हक्क तिचाच. कापड गिरण्यांत ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. ऑक्टोबर १९८१ मध्ये बोनसवरून कामगार चिडले. स्टँडर्ड मिलचे लोक सामंतांच्या दारात जाऊन बसले, तुम्हीच या म्हणाले. पुढचं सगळं त्यातून. कामगार म्हणत, संघ आमचा नाही. मालक म्हणत, कायद्यानं आम्ही फक्त संघाशीच बोलू. दोघंही कायद्याच्या आणि वस्तुस्थितीच्या आपापल्या टोकाला बरोबर होते. बोलणी फिसकटली असं म्हणायला बोलणी व्हावी तरी लागतात. संपाच्या मागण्यांत पगारवाढीइतकीच महत्त्वाची मागणी तो कायदा काढण्याची होती. कोणती संघटना आपली ते कामगारांनाच गुप्त मतदानानं विचारा, हा त्यातला साधा मुद्दा. ते मतदान झालं नाही. झालं असतं तर संप यशस्वी झाला असता असं मी म्हणणार नाही. पण एक आकडा मिळाला असता, आणि आकड्यापाशी माणसाला थांबता येतं.

याच राज्यात दारूचं दुकान बंद करायला मात्र गुप्त मतदान आहे! गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मतदान लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद. म्हणून गावोगाव त्याला ‘बाटली आडवी करणं’ म्हणतात. अट अशी की यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या. म्हणजे जी बाई शेतावर गेली, लेकीच्या बाळंतपणाला गेली, नवऱ्याच्या धाकानं घरी राहिली, ती न बोलताच उभ्या बाटलीच्या बाजूला मोजली जाते. अन्यायाचं आहे, मला विचाराल तर. नेत्यांच्या निवडणुकीला कोणी ही अट लावली तर किती जण निवडून येतील? पण तरीही संध्याकाळी पेटी उघडते, आकडा कळतो, आणि दुकानाचं शटर खाली येतं किंवा येत नाही. हरलेल्या बायकाही पुढच्या खेपेची भाषा करत घरी जातात.

वरून आलेल्या बंदीला हे बळ नसतं. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी आली, ती बायकांनी चालत नागपूर गाठून, वर्षानुवर्षं मागून मिळवली होती. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं एका बैठकीत ती उठवली. बंदीचे फायदे-तोटे काय ते असोत, अवैध दारूचा युक्तिवादही मी ऐकलाय. पण ज्यांनी चालून ती आणली त्यांच्यापुढे उभ्या-आडव्या बाटलीची मतपत्रिका कोणी ठेवली नाही. चर्चा कशी बंद करायची याचे नियम तर सत्तेला तोंडपाठ असतात. लोकसभेत अर्थसंकल्पी मागण्यांवरच्या चर्चेच्या शेवटच्या दिवशी खात्यांच्या खर्चाच्या उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात, त्याला गिलोटिन असंच नाव आहे. १४ मार्च २०१८ ला तर त्या वर्षीचं वित्त विधेयक आणि झाडून सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेशिवाय मंजूर झाल्या.

रस्त्यावरचा बंद हा प्रकार आणखी वेगळा. तो सकाळी चालू होतो आणि संध्याकाळी आपोआप उघडतो. मोडणारा आणि पाळणारा दोघंही रात्री एकाच टपरीवर चहा पितात. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयानं पुढच्या वर्षी शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी वीस लाखांचा दंड केला होता, त्यानंतर ‘बंद’ म्हणताना पुढारी जरा जपून बोलू लागले. पण एका दिवसाच्या बंदचा दंड न्यायालयाला मोजता तरी आला. गिरण्या बंद झाल्या त्याचा दंड कोणाला करणार? कागदोपत्री त्या बंद झाल्याच नव्हत्या.

ही गंमत समजायला मला बरीच वर्षं लागली. औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे मोठा कारखाना बंद करायचा तर सरकारची परवानगी काढावी लागे. परवानगी मागायची तर कारणं द्यावी लागतात, सुनावणी होते, कामगारांची देणी द्यावी लागतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे बंद न करता बंद पाडणं. कच्चा माल येईना, एकेक खातं थंड पडायचं, विजेचं बिल थकायचं आणि एक दिवस वीज कापली जायची. कामगार रोज गेटवर जायचे, हजेरी लावायची सोय नाही म्हणून परत यायचे. गिरणी ‘आजारी’ आहे असं म्हणायचे. आजारी माणसाला निदान डॉक्टर बघायला येतो. इथे बघायला यायचे ते जमीन मोजणारे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकासाला काढायची तर तीन वाटे करा: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. कागदावर छान. पण मालकांना ते परवडेना, म्हणून बरीच वर्षं फारशी हालचालच नव्हती. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली, आणि आता तीन वाटे सगळ्या जमिनीचे नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? शेड, गोदामं, चिमण्या यांनीच ते आवार भरलेलं. म्हणजे जो तुकडा शहराला मिळायचा होता तो अगदीच चिंचोळा होऊन बसला. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये हे फिरवलं, सर्वोच्च न्यायालयानं मार्च २००६ मध्ये मालकांच्या बाजूनं निकाल दिला. लोअर परळला उतरून डावी-उजवीकडे बघितलं की त्या निकालाचे मजले मोजता येतात. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी: इतकं स्पष्टपणे, तारखेनिशी, सहीशिक्क्यानिशी या सगळ्या प्रकरणात दुसरं काहीच बंद झालं नाही. जमिनीचा विषय संपला. माणसांचा राहिला.

जयंत पवारांनी या संपानंतरच्या एका घरावर नाटक लिहिलं, त्याचं नाव ‘अधांतर’. याहून नेमकं नाव मला सुचत नाही. एरवी गोष्ट मिटवायची मराठीची रीत फार जुनी आणि फार पक्की आहे. श्रावणात मामी चाळीतल्या बायकांत बसून कहाण्या वाचायची, अजून वाचते. कुठलीही कहाणी असो, शेवटी ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हटलं की बायका हातातल्या अक्षता टाकून उठायच्या. पोरांना कळायचं, आता प्रसाद. त्या एका वाक्यात गोष्ट बंद व्हायची आणि तिचं फळ ऐकणाऱ्याच्या पदरात पडायचं. मला लहानपणी वाटायचं की त्या वाक्यामुळेच राजाला राज्य परत मिळतं.

कहाणीत दुसरंही एक वाक्य येतं: उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. एकदा मामीनं ते वाचलं आणि कॉटवर पडलेला मामा छताकडे बघत म्हणाला, “मी खंय टाकलंय?” बायका हसल्या. मामी हसली नाही. तिनं संपाची वर्षं खानावळीच्या पोळ्या लाटून काढली होती, पहाटे उठून, वीस माणसांच्या. कहाणीत जो वसा टाकतो त्याच्यावर दारिद्र्य येतं, तो पुन्हा वसा घेतो आणि सगळं परत मिळतं. गिरणगावात दारिद्र्य आलं ते ज्यांनी टाकला नाही त्यांच्यावर आधी. मामीला हे हिशेबानं ठाऊक होतं. म्हणून ‘सुफळ संपूर्ण’ ती जरा घाईनं म्हणायची, असं मला वाटतं. कदाचित मीच आता तसं आठवतोय.

पुढे गिरणी कामगारांना घरं देण्याचं ठरलं, म्हाडानं अर्ज मागवले. जो १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामाला होता तो पात्र, तो नसेल तर त्याचा वारस. म्हणजे सरकारनं रेघ ओढली ती संपाच्या सतरा दिवस आधी. अर्ज दीड लाखाच्या आसपास आले. जून २०१२ मध्ये पहिली सोडत निघाली ती सात हजारांच्या आतल्या घरांची. मामाचे कागद जमवायला मी बसलो होतो. गिरणीतला तिकीट नंबर, लाल पास, फंडाचा नंबर, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड. पत्र्याच्या ट्रंकेतून एकेक निघत होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर रबर. लाल पासवरचा फोटो इतका फिकटलेला की मिशी तेवढी ओळखू येत होती. कुठल्याशा कागदावर एक रकाना होता, नोकरी संपल्याची तारीख.

मी विचारलं, “मामा, हय काय घालू?”

“काय घालतलंस? मी सोडलंय खंय? संप मिटलो काय?”

“अहो, काहीतरी लिहायला हवं.”

“मग लिही, चालू असा.”

मामी आतून ओरडली, “तारीख घाल रे खंयची तरी! घर मेळूचा असा आमका, भाषण नको.”

मी गिरणी बंद झाल्याचं वर्ष अंदाजानं घातलं. मामानं ते वाचलं, काही बोलला नाही, पण सही करताना पेन दोनदा झटकलं. शाई येत होती.

सोडतीत नाव लागलं नाही. नंतरच्याही नाही. मार्च २०२४ च्या शासननिर्णयातून शेलू आणि वांगणीला घरं देण्याचं आलं. कर्जतच्या लोकलनं बदलापूर सोडलं की आधी वांगणी, मग शेलू. त्यात अशीही अट होती की हे घर नाकारलं तर पुढचा हक्क गेला. ९ जुलै २०२५ ला कामगार आणि त्यांची मुलं-नातवंडं आझाद मैदानावर बसली, ती ही अट काढा आणि मुंबईत घर द्या म्हणून. मामाला गुडघ्यांमुळे जाता आलं नाही, दिवसभर टीव्हीसमोर होता.

मामीचं म्हणणं सरळ आहे. शेलू तर शेलू, पोरग्याच्या नावावर चार भिंती होतील, घेऊन टाका आणि मिटवा एकदाचं. तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. पण अर्ज मामाच्या नावावर आहे, सही त्याची लागते, आणि त्याचं म्हणणं असं की लालबागची गिरणी काय शेलूला नव्हती.